धोंडाबाईचं गिऱ्हाईक

शिवरे, ४ डिसेंबर १९३६
आज हॉटेल सुरू झालं. सातारा रस्त्यावर असं दुसरं नाही, हे मी छाती पुढे काढून लिहितो. चहूबाजूंनी खिडक्या, शहाबादी फरशी, संगमरवरी टेबलं आणि असं उंच दार की मोटारीतला साहेबही मान न वाकवता आत येईल. पुण्यात दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसून मी हेच दार मनात बांधत होतो. समोर धोंडाबाई नावाच्या विधवेची खानावळ आहे. मातीच्या भिंती, खिडकी एकही नाही. बिचारीचं आता कसं व्हायचं, असं वाटून गेलं.

१२ डिसेंबर
बिचारी कसली! माणसं माझ्या खिडक्या कौतुकाने बघतात आणि तिच्या बुटक्या दारातून वाकून आत शिरतात. माझ्याकडे कुणी आलंच तर खुर्चीच्या कडेवर बसून, रस्त्याकडे बघत, घाईने चहा संपवतं. माझा नुसता जळफळाट होतो.

१५ डिसेंबर
शेवटी तिच्याकडेच जेवायला गेलो. आत आधी काही दिसत नाही. मग चूल दिसते, मग भिंतीला पाठ टेकून बसलेली माणसं. रस्त्यावरून कुणी बघत नाही, त्यामुळे कुणाला उठायची घाई नाही. मीसुद्धा दुसरी भाकरी मागितली, याचाच राग आला. कोपऱ्यात एक पान वाढलेलं, पुढे कुणी नाही. बाई म्हणाल्या, ते आमचं पैलं गिऱ्हाईक, वाटंत मेलेलं कुणी असंल. त्याला बोलवायचं न्हाई, नुसतं वाढायचं. ते हितं टिकलंय म्हणून बाकीची येत्यात. मी हसलो. पानावरची भाकरी मात्र अर्धीच उरली होती.

१६ डिसेंबर
एवढं इमानी गिऱ्हाईक त्या मातीत का बसावं? दुपारी तिच्या दारासमोर उभा राहिलो आणि पुण्याचे मालक म्हणायचे तसं हात जोडून म्हणालो, आमच्याकडे या, घर आपलंच समजा. लोक हसले. बाई भाकरी थापायच्या थांबल्या.

१८ डिसेंबर
तुडुंब गर्दी. समोर शुकशुकाट. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलावर मीही पान वाढतो. ती खुर्ची सारखी हललेली सापडते. पाठीमागे खिडकी आहे, ते त्यांना, म्हणजे त्या पहिल्या गिऱ्हाइकाला, रुचत नसावं. विटा मागवल्या.

२१ डिसेंबर
कोपऱ्यातल्या खिडक्या बुजवल्या. रस्त्याकडचीही बुजवली, कारण तिथून धोंडाबाईचं दार दिसतं आणि ते तिकडे बघतात. मला ते खपत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात. वेल्ह्याकडचा मेंढपाळ हैबती तर पान टाकून पळाला. म्हणे, शेजारचा माणूस भिंतीतून जेवत होता.

२४ डिसेंबर
आता कुणीच येत नाही. बाई आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. म्हणाल्या, आनंदराव, म्या त्यास्नी पान वाढलं, घर न्हाई दिलं. तुमी घर दिलं. आता मालक त्ये आन पावनं तुमी. भाईर निघा. मी म्हणालो, तुम्हाला ते परत हवेत, तुम्ही जळता. त्या रडल्या. नाटकं सगळी.

२६ डिसेंबर
सगळ्या खिडक्या बुजल्या. मागच्या बाजूच्या मी बुजवलेल्या नाहीत — दारही खाली आलंय. वाकून जावं लागतं. कोपऱ्यात चावल्याचा आवाज, आणि पान तर मी अजून वाढलंच —

२७ डिसेंबर
दार गुडघ्याएवढं. सरपटत निघता येईल. भीती वाटते. बाईंनी आत हात घातलाय, धरा म्हणतात. पण हात दिसला की ते कोपऱ्यातून पुढे सरकतात — तो हात ओळखतात. मी निघालो तर मागोमाग तेही — तिच्याकडे —

नाही.

बोटं काढा म्हणालो. विटा लावतोय. एवढंसं भोक राहिलंय, उजेड तेवढाच. बाई बाहेर ओरडतायत. शेवटची वीट हाताला लागेना — मागून कुणीतरी ती हातात दिली — गार हात — आता ते फक्त मा