जुन्या लुगड्यांची दुपटी

मालवण,
एप्रिल १९५८

प्रिय आई,

तुझं कार्ड काल पोचलं. दुकानाच्या पत्त्यावर आल्यामुळे माझ्या हाती पडेपर्यंत मामंजींनी ते गल्ल्यावर बसून वाचलं होतं आणि ह्यांनी माईंना वाचून दाखवलं होतं. या वेळी बाबांना न सांगता तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. 'बाळास अनेक आशीर्वाद' यातला 'ळ' जमला नाही म्हणून त्याच्यावर पुन्हा गिरवलंस, ते बघून मला आधी हसूच आलं. हे पत्रही तूच वाच. बाबांना मोठ्याने वाचायला देऊ नकोस, पडवीत शिकवणीची मुलं बसलेली असतात. तुला वेळ लागेल, लागू दे. पण एकटी बसून वाच.

बारशाला येतेस, तशी ये. मी नको म्हणत नाही. पण या घराच्या पायरीवर पाय ठेवशील तेव्हा तुला सगळं ठाऊक असायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माघात दादा मला न्यायला आला होता. माझी प्रकृती प्रवासाला बरी नाही, असं त्याने तुला येऊन सांगितलं असेल. माईंनीच ते त्याच्या तोंडी घातलं होतं. त्या दिवशी सकाळी विहिरीचं सगळं पाणी मीच ओढलं होतं. दादा चहा पिऊन एकटाच परतला आणि मग माई मला म्हणाल्या, "सुशीला येतली बोटीन. तू माह्यारी जावन बसलंस तर तिचां कोणी करूचां? पयल्या बाळंतपणाक सुनेन माह्यारीच जावक होयां, असां खंय लिवलेलां आसा?" सुशीलावन्सं म्हणजे माईंची मुलगी, गिरगावात दिलेली. ती पहिल्याच बाळंतपणाला माहेरी येत होती, हे माईंच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात येऊन त्या बोलल्या.

मी येत नाही म्हटल्यावर तू बाजाराला येणाऱ्या शिवाच्या हाती गाठोडं पाठवलंस. ते मी एकटीने सोडलं. तुझ्या हिरव्या लुगड्याची दोन दुपटी, आजीच्या पांढऱ्या पातळाची लंगोटं, दोऱ्याने टिपलेली ती लहानशी गोधडी, कुंची, वेखंडाचा तुकडा, आणि मोहरीची उशी. एवढीशी उशी, पण ती करताना तू मोहरी निवडून, उन्हात घालून घेतली असशील. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ना? दुपटी मी गालाला लावून बघितली. एकालाही गाठ नाही, शिवण टोचत नाही. माई दारात उभ्या होत्या. त्यांनी गोधडीचा कोपरा दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, "कापडाचां दुकान आसा आमचां, आणि ह्यो चिंध्यो!" सगळं पुन्हा घडी करून माझ्या पेटीत ठेवलं.

वन्संची तयारी मात्र दुकानातून झाली. गुलाबी फलालीनचा नवा तागा मामंजींनी तिच्यासाठी फोडला. तागा संपल्यावर उरलेला तुकडा ह्यांनी माझ्यासाठी आणला, त्यात एक झबलंही पुरं बसेना. मुंबईहून ती रबराचं कापड घेऊन आली होती, झालरीची मच्छरदाणी घेऊन आली होती. बाळाची गादी मात्र इथेच करायची होती. सावरीचा कापूस मी पिंजला, मी भरला, मीच टाके घातले. खाली वाकता येत नव्हतं तेव्हा भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसायचे. वन्सं बाजेवर पडून सांगायची, वयनी, ह्या कोपऱ्यात कमी भरलाय. खरंच कमी भरलेला असायचा. मी उसवून पुन्हा भरायचे. तिचा मला राग येत नव्हता. आपण दोघी एकदमच आई होणार, असं ती एकदा म्हणाली होती, आणि ते मला गोड वाटलं होतं.

माझे दिवस आधी भरले. त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर वन्संच्या पोटात दुखायला लागलं. माईंची धावाधाव झाली, काशीबाई सुईणीला बोलावणं गेलं. मी मागल्या दारी भांडी घासत होते, तिथेच माझं पाणी गेलं. आत येऊन सांगितलं तर माई म्हणाल्या, "तुका अजून वेळ आसा. पयलटकरणीक दिवस दिवस लागता. आधी सुशीलाचां बघूया." मी कोठीच्या खोलीत चटईवर जाऊन पडले. भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. काशीबाई माझ्याकडे यायला उठली की वन्सं रडायची, आणि माई काशीबाईचा हात धरून तिला खाली बसवायच्या. मी ओरडले, आई. तुला हाक मारली. माई आतूनच म्हणाल्या, बोंब मारू नकोस, शेजारी ऐकतात. वन्संच्या त्या कळा खऱ्या नव्हत्याच. फणसाचे गरे जास्त झाले होते. तिला उलटी झाली, बरं वाटलं, झोप लागली, आणि मग काशीबाई माझ्याकडे आली.

मुलगी होती. नाळ मानेभोवती बसली होती. काशीबाईने तिला उलटी धरली, पाठीवर मारलं, तोंडात फुंकलं, पाणी शिंपडलं. ती रडली नाही. काशीबाई म्हणाली, "जरा आधी येवक गावला असता तर..." आणि तिने माईंकडे बघितलं. आई, तिच्या डोक्यावर दाट केस होते. हनुवटीला तुझ्यासारखी खळी होती. मी बघितलंय, माझा भास नाही. मी तिला मागितली तर माई म्हणाल्या, "चेडूच होतां ता. जिवाक लावन घेव नको."

तिला गुंडाळायला पेटीतलं हिरवं दुपटं काढा, एवढंच मी म्हटलं. तिच्यासाठीच तर ते ठेवलं होतं. पण माईंनी ते काढलं नाही. "बरां फडकां मातयेत कित्याक घालतंस?" असं म्हणून त्यांनी दुकानातून कापड मागवलं. कापडाच्या गठ्ठ्यांना बाहेरून जे जाड मांजरपाट असतं, ते आलं. त्याच्यावर गिरणीचा निळा शिक्का होता. तिला घट्ट गुंडाळलं तेव्हा तो शिक्का बरोबर पोटावर आला. मामंजी आणि हे तिला घेऊन गेले. कुठे पुरलं, मी दोनदा विचारलं. हे म्हणाले, विचारून काय होणार आहे? मला अजून माहीत नाही.

तुला लगेच का कळवलं नाही, असं तुझ्या मनात येईल. मी हे सगळं त्याच दिवशी लिहायला निघाले होते. माईंनी थांबवलं. सुशीलाचं सुखरूप पार पडू दे, तोवर घरातून अशुभ पत्र जायला नको, म्हणाल्या. चौथ्या दिवशी वन्संला मुलगा झाला. मालवणच्या बाजारात पेढे वाटले. त्याच आठवड्यात शिवा काजूच्या बिया विकायला आला होता आणि नेहमीसारखा दुकानात डोकावला. मामंजींनी त्याच्या हातावर पेढे ठेवले आणि म्हणाले, "आमच्या घरात झील झालो. गावाक जावन सांग." कुणाचा, ते शिवाने विचारलं नाही. तो कशाला विचारेल? मी पोटुशी आहे एवढंच त्याला ठाऊक. मामंजींनीही सांगितलं नाही. आणि हे तिथेच, गजाने कापड मोजत उभे होते. ते मला त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणाले, गिऱ्हाइकांसमोर कसं बोलायचं? गावभर पेढे वाटले म्हणून लिहिलंस, ते त्या मुलाचे होते, आई. तो माझा नाही.

घरात बाळंतिणीची खोली एकच, म्हणून आम्ही दोघी तिथेच आहोत. ती बाजेवर, मी खाली चटईवर. शेगडी तिच्या बाजेखाली असते. या उन्हाळ्यात नव्या फलालीनने मुलाचं अंग लाल झालं, मानेखाली, काखेत, जांघेत घामोळं उठलं. तो सारखा रडायचा. काशीबाई म्हणाली, जुनं मऊ लुगडं घ्या. माईंनी मला विचारलं नाही. माझी पेटी ओढली, उघडली आणि तुझी दुपटी काढली. एकेक करून सगळं गेलं, लंगोटं, गोधडी, कुंची. मोहरीच्या उशीवर तोच झोपतो. घामोळं दोन दिवसांत बसलं. मागल्या दारी दोरीवर ती दुपटी वाळत घातलेली मला खिडकीतून दिसतात. आता त्यांना कुणी चिंध्या म्हणत नाही.

मला दूध आलं होतं. ते कुणाला थांबवता येतं? पदर भिजायचा, ताप चढायचा. काशीबाई पिळून वाटीत घ्यायची आणि माडाच्या बुंध्याशी ओतायची. तिकडे वन्सं मुलाला घ्यायला तयार नव्हती, दुखतं म्हणून रडायची. एका सकाळी माईंनी तो मुलगा आणून सरळ माझ्या मांडीवर टाकला. "तुझां दूध फुकट जाता. हेका घे." नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याने धरलं होतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अंग हलकं झालं. मी डोळे मिटले आणि थोडा वेळ तो कुणाचा आहे ते विसरले.

त्याचं पोट भरलं तसं माईंनी त्याला उचललं, तोंड पुसलं, आणि मीठमिरच्या त्याच्यावरून उतरवून शेगडीत टाकल्या. पोर गेलेल्या बाईची नजर फार वाईट, असं त्या वन्संला सांगत होत्या. हळू आवाजातही नाही. तेव्हापासून रोज, प्रत्येक वेळी असंच चालतं. माझ्याकडून पाजून घ्यायचं आणि माझीच दृष्ट काढायची. खोलीत मिरचीचा धूर होतो, ठसका लागून मी खोकत बसते, आणि तो पुन्हा रडला की त्याला पुन्हा माझ्याकडे देतात. बारशाच्या दिवशी मी पाळण्याजवळ जायचं नाही, हेही ठरलंय. पाळणा म्हणायच्या आधी मी त्याला पाजायचं आणि मग दार लोटून आत बसायचं.

माईंनी तुझं कार्ड शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "येंव देत. तोंड गोड करून जांव देत." तू दारात पाळण्याची खेळणी घेऊन, हसत उभी राहशील आणि बायका एकमेकींकडे बघतील, हे त्यांना दिसलंच असेल. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही आज तरी माझ्या आईला खरं कळवा. हे वाईट नाहीत गं. मारत नाहीत, ओरडत नाहीत. त्यांनी दुकानातून पाकीट आणून दिलं आणि म्हणाले, तूच लिही, तुला नीट लिहिता येईल.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते सांगते. पाऊस लागायच्या आत, शेवटच्या बोटींपैकी एका बोटीने वन्सं मुंबईला जाणार आणि तिच्याबरोबर मलाही पाठवणार. मूल अन्नाला लागेपर्यंत मी तिकडे राहायचं. "थंय तुका काय काम नाय. पोराक पाजूचां आणि दोन भाकऱ्यो थापूच्यो," असं माई म्हणाल्या. वर्षभराचाच प्रश्न आहे, असं हे म्हणाले. मी माहेरी जाते म्हटलं, तर माईंनी सांगितलं, "अंगात दूध आसा तवसर तू खंय जावचां नाय." तो उपाशी राहील अशी भीती बाळगू नकोस. वन्संला दूध आहे, तिने रोज लावलं तर भरपूर येईल, असं काशीबाई मला एकटीला म्हणाली. मी आहे म्हणून ती लावत नाही, एवढंच. सुभद्रामावशीचं मूल गेलं होतं तेव्हा तू तिच्या छातीला मोगऱ्याच्या कळ्या बांधायचीस. मला खोलीबाहेर काढलं होतंस, पण मी दाराच्या फटीतून बघितलं होतं. थोड्या दिवसांत तिचं दूध आटलं. तू येशील तेव्हा मुलासाठी काही आणू नकोस. परसातल्या मोगऱ्याच्या कळ्या आण, ओच्यात मावतील तेवढ्या. बारशाच्या घरी फुलं आणली तर कुणी काही विचारणार नाही. गजरे करू नकोस, सुट्याच आण. आणि दादाला सांग, आठवड्याने मला न्यायला यायचं आणि या वेळी चहा प्यायला बसायचं नाही. हे पाकीट मी काशीबाईच्या हाती टपालात टाकते आहे. एकच सांभाळ, आई. तू आलीस की कुणीतरी तो मुलगा तुझ्या मांडीवर देईल. त्याचं तोंड बघू नकोस. मी रोज बघते, म्हणून सांगते.

इथे जिला विमला म्हणतात ती,
तुझीच,
सत्यवती