तार दिसते, लाइट नाही

८ जानेवारी

सहा खांब! रस्त्यावरची तार आमच्या प्लॉटवरून डोळ्यांना दिसते, पण ती घरात यायला सहा खांब. वीज कचेरीतल्या साहेबांनी आज कोटेशन हातात ठेवलं. आकडा वाचून मी विचारलं, "ह्यात घरपण बांधून देणार का?" साहेब हसले नाहीत. "बाई, गावाबाहेर जागा तुम्ही घेतलीत. तार आम्ही लांब नेली नाही."

प्लॉटच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त! वर खरेदीखत, मोजणी, मुद्रांक, दलाली हे सगळं देऊन झालंय. माझी साखळी त्यातच गेली. आणि एजंटने ह्यांना सांगितलं होतं की लाइट समोरच आहे! हे घरी येऊन तसंच मला म्हणाले, म्हणून तर मी हो म्हटलं. समोर आहे – बरोबर! चंद्रपण समोरच असतो.

९ जानेवारी

हे शांत. "बघू. निघेल मार्ग." घड्याळं दुरुस्त करता करता ह्या माणसाचा स्वतःचा काटा कुठेतरी अडकलाय.

१२ जानेवारी

धाकट्या भावाला फोन केला. वाटलं, धीर देईल. म्हणतो, "ताई, आधी खांब बघायचे असतात, मग जागा." अक्कल सगळ्यांना आहे, फक्त उशिरा पोचते.

ह्याला काय कळणार, मला जागा का हवी ते! खाली लाँड्री. इस्त्रीची वाफ वर आमच्या खोलीत. शिवायला मशीनवर बसले की कापड हाताला चिकटतं, ह्यांना खोकला सुरू झाला की थांबत नाही. घरमालक म्हणतो, खिडकी उघडा. खिडकी लाँड्रीच्याच बॉयलरवर उघडते! प्लॉटवर मला एक मोठी खोली हवी, चारी बाजूंनी वारा, मोटारवर चालणाऱ्या तीन शिलाई मशिनी. विजेशिवाय त्या नुसत्या लोखंडी टेबलं.

१५ जानेवारी

आज एजंटच्या ऑफिसात गेले. ह्यांना ओढतच नेलं. आत दोन गिऱ्हाइकं बसलेली, कोपऱ्यात त्याची मुलगी अभ्यास करत होती. मी मागचापुढचा विचार केला नाही. "लोकांच्या घामाच्या पैशावर खोटं बोलून दलाली खातोस? तुझ्या घरात तरी लाइट आहे ना?" तो लालबुंद झाला. माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघत राहिला. हे चष्मा पुसत होते! बायको एकटी भांडतेय आणि हे चष्मा पुसतायत!

"काकू, बसा. पाणी घ्या," एवढंच म्हणाला.

"तुझं पाणीसुद्धा नको!"

गिऱ्हाइकं उठून गेली. बरं झालं! मुलीने मात्र वहीत तोंड घातलं. तेवढं तिच्यासमोर नको होतं.

घरी येताना हे म्हणाले, "फार बोललीस." मी फार बोलले!!

३ फेब्रुवारी

आजचा नवा शोध – खांबांचे पैसे आम्ही भरायचे, पण खांब कचेरीचे. उद्या शेजारच्या कोणी लाइट मागितली तर आमच्याच खांबावरून फुकट. "नियम आहे, बाई." म्हणजे लग्न आमच्या खर्चाने आणि नवरी दुसऱ्याच्या घरी!

हे म्हणाले, मग शेजाऱ्यांनाच आधी गाठू. आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोलले.

९ फेब्रुवारी

तिथे राहणारी माणसं म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक ट्रकवाला, त्याची बायको. बाकी प्लॉटवर नुसते दगड. मुख्याध्यापिकाबाई दोन वर्षं बॅटरीच्या दिव्यावर काढतायत. मला बघून म्हणाल्या, "कोणीतरी भांडखोर येण्याची वाटच बघत होते." ट्रकवाल्याची बायको म्हणाली, "भरू आम्ही. थोडे थोडे चालतील ना?" न चालायला काय झालं!

चौथा प्लॉट एका सोनेरी चष्मेवाल्याचा. भाव वाढेपर्यंत घेऊन ठेवलाय. फोनवर म्हणाला, "तुमचे खांब उभे राहू द्या, मग बघू." निर्लज्ज!

२० मार्च

तिघांनी मिळून भरले. पावती झाली.

११ एप्रिल

खांब उभे. तार नाही. वायरमन म्हणतो, "तार स्टोअरला आली नाही." स्टोअरवाला म्हणतो, "मागणी आली नाही." मुख्याध्यापिकाबाई आज माझ्याबरोबर कचेरीत आल्या. साहेबांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तार येईपर्यंत मी इथेच आहे. माझ्या घरी तसाही अंधार असतो." साहेब आधी हसले. मग बाईंनी जेवणाचा डबा उघडला आणि साहेबांनाच विचारलं, "घेता?" चार वाजता मागणीवर सही झाली.

प्लॉटवर घर उभं राहतंय. खिडक्या चारी बाजूंना. आत गेलं की वारा अंगातून आरपार जातो.

१४ मे

आली! लाइट आली! मीटर फिरताना बघत उभी राहिले, जसं काही बाळच पाळण्यात आहे. नव्या खोलीत पहिली मशीन सुरू केली, ट्रकवाल्याच्या बायकोचं पोलकं शिवायला घेतलं. ती दारात उभी, हसतेय, मधेच डोळे पुसतेय. हे दिवसभर खोकले नाहीत.

संध्याकाळी चष्मेवाल्याचा फोन – त्याला कनेक्शन हवंय! मी म्हटलं, "कचेरीत जा. नियम आहे, भाऊ." आणि हो, त्या एजंटच्या नावाने आज पुन्हा बोटं मोडली. लाइट आली ती माझ्या तोंडाने आणि आमच्या पैशाने.

१६ मे

जेवताना हे म्हणाले, "त्या एजंटला आता शिव्या देऊ नकोस."

"का? तुझा कोण लागतो?" रागात अरेतुरेवर येते मी.

"त्याने मला जागा घ्यायच्या आधीच सांगितलं होतं. सहा खांब, खर्च, सगळं. म्हणाला होता, काकूंना विचारून घ्या."

मी ताट बाजूला सारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू घेऊ दिली नसतीस."

नसतीच दिली! आणि आज कुठे असतो आम्ही? त्या बॉयलरवर.

पण तो पोरगा स्वतःच्या मुलीसमोर माझं सगळं ऐकून घेऊन गप्प बसला. आणि हे चष्मा पुसत होते.