मुकादमाची दुसरी गोळी

दि. ३ फेब्रुवारी

चि. ढगोबास आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बेटावर वारा इतका की हवामानाचा फुगा सोडायला दोघं जण लागतात हे वाचून हसू आलं. ढगांकडे बघायचा पगार मिळतो म्हणून तुझा हेवा करणारे इथे बरेच आहेत, त्यांना मी हे वाचून दाखवलं. कान बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. लहानपणी तुझे कान दुखायचे तेव्हा जागायला मी होते, तिथे कोणी नाही.

आता तुझ्या कुत्र्याचं. मुकादमाला काय झालंय ते शेवटी कळलं. पाण्याचं भांडं भरून ठेवावं की लगेच रिकामं, घरभर लघवी, पोट सुटलेलं, पाठीवरचे केस गेलेले, आणि आमचे दोन जिने चढला की भात्यासारख्या धापा. मी म्हटलं म्हातारपण आहे. केस सोडले तर माझीही हीच लक्षणं. पण डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ती याची गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. माणसानं जास्त काम केलं की कौतुक होतं, ग्रंथीनं केलं की आजार.

बाईंना खरी भीती वेगळीच आहे. या आजारात रक्त उगाचच गोठायला बघतं, आणि याच्या लघवीतून प्रथिनं जाताहेत म्हणून धोका आणखी जास्त. गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली तर कुत्रा बघता बघता हातचा जातो, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. म्हणून औषधं दोन. ग्रंथीला आवरणारी कॅप्सूल सकाळच्या खाण्याबरोबर, आणि रक्त गोठू नये म्हणून दुसरी एक गोळी. ही दुसरी कडूजहर आहे. तुझा मुकादम ती गालात धरून शहाण्यासारखा बसतो आणि माझी पाठ वळली की सोफ्याखाली थुंकतो. मीही तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, गोळी न गिळणारे भलेभले पाहिलेत. घशाखाली उतरल्याशिवाय मी त्याच्यासमोरून हलत नाही. तेव्हा काळजी करू नकोस.

उत्तर सविस्तर पाठव. आशीर्वाद आहेतच, ते पत्रावर अवलंबून नाहीत.

तुझी आत्या

---

दि. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तू काळजी करू नकोस म्हणतेस तेव्हा काळजीचं कारण असतं, एवढं मला तुझ्या हाताखाली वाढून कळलंय.

इथून काहीच करता येत नाही याचा त्रास होतो. वायरलेसवरून फक्त वाऱ्याचे आणि दाबाचे आकडे जातात, खासगी शब्द पाठवायला बंदी. बोट आठवड्यातून एकदा, तीही समुद्राच्या मर्जीनं. आमचा स्वयंपाकी आणि यंत्रवाला दोघेही मुकादमाचा फोटो बघून म्हणाले की हा कुत्रा नाही, सेवानिवृत्त साहेब आहे. बस थांब्यावर मला भेटला तेव्हाही तो असाच होता, रस्त्याचं काम करणाऱ्यांसमोर बसून त्यांच्यावर नजर ठेवत होता. नाव मी दिलं नाही, त्याचं त्यानंच मिळवलं.

आत्या, बदली माणूस एप्रिलमध्ये येईल आणि मी सुट्टीवर निघेन. तोपर्यंत तो असावा. तो कायमचा राहावा असं मी म्हणत नाही, तेरा वर्षांचा आहे हे मला कळतं. पण निघताना मी त्याला तुझ्या दाराशी बसवलं आणि मागे न बघता जिना उतरलो, बघितलं असतं तर गेलोच नसतो. तो दार बंद होईपर्यंत माझ्याकडे बघत होता असं तू नंतर लिहिलंस. मला एकदा परत येऊन त्याला दिसायचंय, एवढंच मागणं आहे. ती दुसरी गोळी चुकवू नकोस. तू चुकवणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहितो.

स्वतःची औषधंही घे. लोभ आहेच तुझा, तो असाच माझ्या वाट्याला येत राहो.

तुझा
ढगोबा

---

दि. २० फेब्रुवारी

चि. ढगोबास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मुकादमाची भूक जागेवर आहे, पाणी थोडं कमी झालंय, म्हणजे कॅप्सूल लागू पडते आहे. खालच्या सुतारकाकांच्या दुकानात जाऊन बसतो आणि रंधा चालतो तसं डोकं हलवतो. काका म्हणतात, याच्यासमोर वाकडं काम करायची लाज वाटते.

एक गोष्ट मात्र झाली. परवा त्याला पुसताना बघितलं तर पोटावर आणि मांडीच्या आत काळेनिळे डाग. रक्त काढलं होतं तिथे तर तळहाताएवढा. मी ओळखलंच. रक्त पातळ ठेवायची औषधं चालू असलेले रोगी माझ्या वॉर्डात कमी नव्हते, आणि त्यांच्या अंगावर असे डाग दिसले की पहिलं काम गोळी थांबवायचं. पुढचा निरोप डॉक्टरांना. मी दवाखान्यात गेले तर डॉक्टरीणबाई बहिणीच्या बाळंतपणाला गावाला गेलेल्या. मदतनीस म्हणाला, गावाच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. मुकादमाला गाडीत घालून तिथवर न्यायचं, नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि ते मला काय सांगणार तर गोळी थांबवा. म्हणून मी ती थांबवली. बाई आल्या की त्यांच्या कानावर घालेन. कॅप्सूल चालू आहे.

तुला लिहायचं नव्हतं, पण तुझ्यापासून लपवलं असं नको. गोळीपासून सुटका झाली म्हणून मुकादम खूश आहे, सोफ्याखाली बघायचं माझं काम वाचलं.

जेवण वेळेवर कर. माझी माया आहे तिथेच आहे.

तुझी आत्या

---

दि. २८ फेब्रुवारी

चि. ढगोबास आशीर्वाद.

आज पत्रात बातम्या नाहीत, एकच आहे.

सकाळी मुकादम खाऊन उठला आणि दारापर्यंत जाऊन थांबला. मला वाटलं खाली जायचंय. मी पट्टा आणायला वळले तोवर तो पाय फाकवून उभा होता, मान लांब केलेली, तोंड उघडं, आणि हवा आत जात नव्हती. धाप मला माहीत आहे. ही धाप नव्हती. जीभ जांभळी पडत चालली होती. मी चादर जमिनीवर टाकली, त्याला त्यात घेतलं आणि जिन्यातून ओरडले. सुतारकाका हातातलं काम टाकून आले. आम्ही दोघांनी चादरीची टोकं धरून त्याला खाली आणलं.

डॉक्टरीणबाई आदल्या दिवशीच परतल्या होत्या. त्यांनी त्याला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, सुया टोचल्या, फोटो काढले. फुप्फुसात गुठळी आहे असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की दुसरी गोळी चालू आहे ना. मी डागांचं सांगितलं. त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं.

ढगोबा, ते डाग गोळीचे नव्हते. या आजारात कातडी कागदासारखी होते, नुसता हात जोरात लागला तरी काळंनिळं पडतं, सुई लागली तर पडणारच. डाग कातडीचे. आत रक्त गोठायला टपलेलंच होतं, आणि त्याला अडवणारी एक गोळी होती ती मी काढून घेतली. वरून जे दिसलं त्याच्या बरोबर उलटं आत चाललं होतं. माणसांच्या वॉर्डात शिकलेलं मी कुत्र्याला लावलं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा कंटाळा केला. चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाची नाही.

तो पेटीत आहे. काचेतून मला बघतो. बाई म्हणतात आजचा दिवस काढला तर बघू. मी इथेच बाकावर बसून लिहिते आहे. समुद्र खवळलाय, या आठवड्यात बोट सुटणार नाही म्हणतात, मागचं पत्रही टपालातच पडून असेल. तुला दोन्ही एकदम मिळतील. माझ्या हातात काही राहिलेलं नाही. तुझ्या मुकादमाला मी नीट सांभाळलं नाही.

आत्या

---

दि. ८ मार्च

ती. आत्यास,

दोन्ही पत्रं आज मिळाली. बोट तासाभरात परत निघेल म्हणून घाईत लिहितो.

मी तुला एकच गोष्ट लिहिली होती. ती दुसरी गोळी चुकवू नकोस. एवढं एक वाक्य पाळता आलं नाही? गावाच्या दुसऱ्या टोकाला जायला काय झालं होतं? पण तुला कोणाला विचारायची सवयच नाही. सगळं तुला आधीच ठाऊक असतं. आई आजारी होती तेव्हाही तूच ठरवत होतीस, आणि तिचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलं. तीस वर्षांच्या नोकरीचा तोरा एका मुक्या जिवावर चालवलास.

तो आहे की नाही हेसुद्धा मला आठवडाभर कळणार नाही.

तुझा भाचा

---

दि. ९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

कालचं पत्र उघडू नकोस. उघडलं असलंस तर फाडून टाक. बोट धक्क्यावरून सुटली तेव्हाच मी धावत गेलो, हात हलवले, खलाशानं उलट मलाच हात हलवून निरोप दिला. तिथेच खडकावर बसून राहिलो.

मुकादमाबद्दल मी जे लिहिलं ते रागानं लिहिलं. आईबद्दल लिहिलं ते का लिहिलं मला कळत नाही. मी सात वर्षांचा होतो, मला त्यातलं काय कळत होतं? तुला कुठे लागेल ते मला माहीत होतं आणि मी नेमका तिथे हात घातला. माझ्यासारखा कृतघ्न माणूस नाही.

साहेबांकडे सुट्टी मागितली. ते म्हणाले बदली माणूस आल्याशिवाय केंद्र सोडता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, फुगे कोणीतरी सोडायला हवेत. सगळे आकडे मी उलटसुलट लिहितो आहे, यंत्रवाला मुकाट्यानं सुधारून देतो. काचेतून तो तुझ्याकडे बघतो हे वाक्य डोक्यातून जात नाही. तो तुझ्याकडे बघत होता आणि तू तिथे बसली होतीस, मी नव्हतो. आत्या, तो गेला असेल तरी लिही, राहिला असेल तरी लिही. न लिहिता राहू नकोस. तू पत्रच पाठवलं नाहीस तर मी काय करू?

माझ्यावरचा लोभ अजून शिल्लक असेल तर तो ठेव, नसेल तर मी काही म्हणणार नाही.

तुझा
ढगोबा

---

दि. २३ मार्च

चि. ढगोबास आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं आलं तेव्हा मुकादम होता. दुसरं आलं तेव्हा नव्हता.

पहिलं पत्र उघडू नकोस हे तू दुसऱ्या पत्रातून कळवतोस. अशानं हवामान कसं रे सांगता तुम्ही लोक?

तो पेटीतून बाहेर आला होता. बाईंनी पाठवला तेव्हा चालत आला, जिना मात्र सुतारकाकांनी उचलून चढवला. दुसरी गोळी मी पुन्हा सुरू केली, थुंकला तरी पुन्हा दिली. खायचा, झोपायचा, दाराकडे तोंड करून पडायचा. मला वाटायला लागलं होतं की एप्रिल गाठेल. मग एका दुपारी तसंच झालं. या वेळी चादर टाकण्याइतकाही वेळ नव्हता. मी खाली बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं धडपड केली नाही. वॉर्डात कोणी गेलं की मी आधी घड्याळ बघायचे, लिहावं लागायचं म्हणून. या वेळी बघितलं नाही. सुतारकाकांनी त्याला पुरायला पेटी केली, रंधा मारून गुळगुळीत केली, मी नको म्हटलं तरी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गोळी चालू असती तर गुठळी झालीच नसती असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. बाई चांगल्या आहेत. पण हे वाक्य मीही वॉर्डात नातेवाइकांना पुष्कळदा सांगितलंय. ते कशासाठी सांगतात मला माहीत आहे.

तू पहिल्या पत्रात मुकादमाबद्दल लिहिलंस ते खरं आहे, ते परत घेऊ नकोस. तुझ्या आईबद्दल लिहिलंस ते खरं नाही. तिच्या वेळी मी मोठ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला पाण्याचा घोटही दिला नव्हता. रोज त्यांच्या दाराशी उभी राहायचे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस आणि मला वाटलं तुला माहीत असेल. आता वाटतं, एवढी वर्षं तू हेच मनात धरून माझ्या हातचं जेवलास का?

हे कागदावर विचारायचं नाही. तू त्याच्यासाठी येणार होतास. आता तो नाही, मग सुट्टी पुढे ढकलावी असं तुझ्या मनात येईल. मी तुला ओळखते. तसं करू नकोस. रागावलेला असलास तर रागावलेला ये. समोर बसून बोल, मी ऐकेन, मग मी बोलेन ते तू ऐक. मी दिवसभर स्वतःला बोलत असते, पण एकटीनं किती बोलणार? मला आता घरात कोणीतरी हवंय रे. तू ये.

तुझी आत्या