यादीत दुसरी

९ नोव्हेंबर १९९५, गुरुवार

टपालात आज एक परिपत्रक आलं. माजी सैनिकांची फौजेतली वर्षं आता आमच्या नोकरीच्या सिनिऑरिटीत धरणार म्हणे. आपोआप नाही — ज्याला हवं त्याने ३१ डिसेंबरच्या आत थेट वरच्या कचेरीला अर्ज करायचा.

आमच्या ऑफिसात माजी सैनिक एकच, काशिनाथ. इथली नऊ वर्षं, फौजेतली पंधरा. माझी अठरा. बारडोलीच्या हेडक्लार्कची जागा फेब्रुवारीअखेर रिकामी होतेय. ती शकुंतलाबेनची, म्हणजे माझी, असं शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे धरून चाललेत. मीही.

काशिनाथ धुळ्याकडचा, बोली अहिराणी. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. त्याला गुजराती लिहायला मी शिकवलं, अक्षरांच्या डोक्यावर रेघ द्यायची नसते इथपासून. दर वर्षी राखी बांधते. गुजराती परिपत्रक आलं की अजून माझ्याकडे घेऊन येतो, "ताई, हाई काय शे?" म्हणून. हे मी त्याला सांगायला हवं. नाही सांगितलं.

जेवताना फक्त ह्यांना सांगितलं. म्हणाले, "नोटीस लावणं तुझं काम. वाचून दाखवणं नाही." जरा बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

परिपत्रक बोर्डावर लावलं. क्रिकेट मॅचच्या नोटिशीखाली.

१९ नोव्हेंबर, रविवार

गौरीला कालपासून ताप. एकशे दोन. दहावीचं वर्ष आणि ही आजारपणं. दिवसभर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसले.

त्यात काशिनाथ आला. माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे. रेशनकार्डात धाकटीचं नाव चढवायचंय, गुजरातीत अर्ज हवा. "ताईले सुटीना दिवशी त्रास नको, गुरुजी लिही देतीन." आमच्या उधना वस्तीतल्या अर्ध्या लोकांचे अर्ज ह्यांनीच लिहिलेत. शाळेत मास्तर, अक्षर मोत्यासारखं. फक्त एकच, वीस वर्षं सुरतेत काढूनही मराठी शाळेतली सवय जात नाही — गुजराती शब्दावरसुद्धा रेघ ओढल्याशिवाय पेन उचलत नाहीत. दूधवाला तर चिठ्ठी बघून मला चिडवतो, "बेन, मास्तरे पाछी दोरी बांधी." मास्तरांनी परत दोरी बांधली म्हणे, कपडे वाळत घालायची!

रेशनकार्डाच्या अर्जाला तास लागला. दोनदा चहा झाला. मी काही बाहेर बसले नाही. काशिनाथच्या समोर बसायची लाज वाटते हल्ली.

१ जानेवारी १९९६

मुदत संपली. कुणी काही बोललं नाही. देवापुढे साखर ठेवली आणि मग स्वतःचाच राग आला.

१७ जानेवारी, बुधवार

यादी लागली. एक, काशिनाथ. दोन, मी.

दोनदा वाचली. बन्सीलाल, आमचा शिपाई, शेजारी उभा राहून च्च च्च करत होता. अठरा वर्षं! गौरी पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत टायपिंग केलं. पुरुषांनी फाईली फेकल्या त्या उचलून लावल्या. आणि आता काय, तर यादीत दुसरी.

त्याला सांगितलं कुणी? बोर्ड तो कधी वाचत नाही. बन्सीलालनेच चुगली केली असणार. पण ते जाऊ दे. काशिनाथने तरी एका शब्दाने मला विचारायचं होतं! ताई, मी असा अर्ज करतोय, एवढं. दोन महिने माझ्या डब्यातली भाजी खाल्ली आणि तोंडातून अवाक्षर नाही. राखी बांधून घेणारा हात!

वर दुपारी पेढे घेऊन टेबलापाशी आला. "ताई, तुमना घरनाच उपकार शेतस." तोंड वर करून म्हणाला. जखमेवर मीठ चोळायला इतकं हसायची गरज नव्हती. मी पेढा उचलला नाही. तो पेढ्यांचा पुडा बांधून गेला.

घरी आले तर ह्यांनी चहा टाकलेला. लग्नाला सतरा वर्षं झाली, चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे ह्यांना आज कळलं. म्हणाले, "जाऊ दे गं. बारडोलीची रोजची बस वाचली. गौरीची दहावी, माझ्या आईचे गुडघे. आणि त्याचा हक्कच होता तो." मी म्हटलं, हक्क त्याचा असेल, पण पाठीत सुरी माझ्या खुपसली ना! हे कप विसळायला उठले.

२३ जानेवारी

हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत. मला एक गोष्ट ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वी राखीच्या दिवशी काशिनाथने सांगितली होती. बायको बाळंतपणात अडली, हा फौजेतून रजेवर घरी आलेला, तो चार महिने परत गेलाच नाही. पकडून नेलं. शिक्षा झाली, ते दिवस सेवेतून कापले. सांगताना रडला होता. "ताई, पोरीसले माहीत नही. कोणले सांगू नका."

चार महिन्यांनी त्याचा नंबर खाली येणार नाही, हे मला कळतं. पण डाग लागेल. बढतीच्या वेळी साहेब डाग बघतात.

२७ जानेवारी, शनिवार

हरकतीचा कागद ह्यांना दाखवला. वाचून रंगच उडाला. "हे पळून गेल्याचं काढ. शोभत नाही." का शोभत नाही? "तो साधा माणूस आहे. तुला मागे टाकायचं त्याच्या डोक्यातही आलं नसेल." मग कुणाच्या डोक्यात आलं, म्हटलं, माझ्या? पेपर तोंडासमोर धरला. ह्यांना नेहमी दुसऱ्याचा पुळका. शाळेतले लोक आतापासून "हेडक्लार्कबाईंचे मिस्टर" म्हणून चिडवायचे, ते थांबेल म्हणून बरं वाटत असेल.

नाही काढलं.

२९ जानेवारी

हरकत दिली. सही, शिक्का, पोच घेतली.

५ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी काशिनाथला बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, "फौजमांथी भागी गयेला?" तो सावधान उभा राहिला. "हो साहेब. चार महिने." एवढंच. सगळं ऑफिस ऐकत होतं.

जाताना माझ्या टेबलाजवळून गेला. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाला, "शकुंतलाबेन, जावकचं रजिस्टर द्या." नऊ वर्षांत पहिल्यांदा बेन. शुद्ध मराठीत.

त्याला वाईट वाटायचा हक्क नाही. सुरुवात त्याने केली. हे मी आज दहा वेळा मनाशी म्हटलं.

९ फेब्रुवारी

सोमवारी सुनावणी. त्याआधी त्याचा मूळ अर्ज बघू देणार आहेत. एवढं गुजराती त्याला कुणी लिहून दिलं ते तरी कळेल. बन्सीलाल निघाला तर त्याची खैर नाही.

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार

अर्ज बघितला. दोन पानं. खाली काशिनाथची वेडीवाकडी सही, वरचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर रेघ.

तारीख १९ नोव्हेंबर. चहा मीच नेऊन दिला होता. दोनदा.