खुर्चीची उंची

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. मी बरी आहे, फक्त दमते.

ऑफिसातली एक मैत्रीण आजारी पडली, तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही जरा फिल इन करा." म्हणजे ती येईपर्यंत तिच्या जागी बसायचं. ती उंच; पण मी तिची खुर्ची खाली घेतली नाही, पाय अधांतरी ठेवून काम केलं. आज साहेब म्हणाले, "खुर्ची घ्या करून आता तुमच्या मापाची." ती परत येणार नाही, हे तेव्हा कळलं.

आईने अंथरूण धरल्यापासून माझ्या वाटचंही तूच करतेस. "मी आहे ना," एवढंच लिहितेस. तुझी पाठ कशी आहे? मी विचारलं तरी कधी?

तुझी,
धाकटी

उद्या: साहेबांकडे रजा मागायची.