शालूच्या लुनामागं माझा टँकर

४ मार्च, शुक्रवार
आज पुन्हा शालूच्या मागं मागं वडगाव फाट्यापस्तोर. ती लुनावर, मी पाण्याच्या टँकरवर. तिचा काटा तिसाच्या वर जाईना, मग माझाबी न्हाई. माझ्या मागं यष्टी, यष्टीच्या मागं दोन जीपा, सगळे भोंगे बडवून राहिले. मी साईड दिली न्हाई. दिली की ते थेट माझ्या लेकीच्या अंगावर. वाजवा म्हणलं किती वाजवायचं ते.

फाट्यावर यष्टी शेजारी येऊन लागली. ड्रायव्हर खाजामियाँ, माझा जुना दोस्त. मुंडकं बाहेर काढून म्हणतो, "क्या सोनकांबळे, टँकर चलारे कि जनाजा लेजारे?"
म्हणलं, म्होरं पोरगी हाय माझी.
मग म्हणला, "अरे, तो पहले बोलना ना मियाँ." त्यालाबी दोन पोरी हायत.

५ मार्च, शनिवार
खेपा दोन. तिसरी राहिली.

लातूर नवा जिल्हा झाल्यापासून या रोडला सगळ्यालाच घाई सुटली. पयले उस्मानाबाद लांब पडायचं म्हणून माणूस निवांत आसायचा. आता सायेब लातूरला मिटिंगला, पुढारी लातूरला, अर्ज घेऊन हिंडणारे लातूरला. जो तो दुसऱ्याच्या ढुंगणाला चिकटून गाडी हाणतो. बावीस वर्षं झाली स्टेरिंग धरून. या रोडला काय काय बगितलं ते मी घरात सांगत न्हाई.

पण शा.ची नोकरीबी नव्या जिल्ह्यानंच दिली, हे खोटं कसं म्हणू. नांदेडला नर्सिंग केलं, जागा निघाल्या, जळकोटच्या आलीकडं उपकेंद्रावर नेमणूक. आमच्या भावकीत पयली नर्स. उदगीरहून यष्टी फाट्यावर सोडती, तिथून तीन कोस पायी. म्हणून किराणावाल्या आप्पाची जुनी लुना मीच घेऊन दिली. बायको पारू तेच म्हणती, "लुना तुमीच दिली. आता भ्यायला कामून लागले?"
देताना रोड आठवला न्हाई. लेकीचं तोंड बगत हुतो.

९ मार्च, बुधवार
सापडलो.
"अण्णा, तुमी रोज माझ्या मागं येता."
"टँकर हाय माझा. त्याच रोडनं जायाचं ना बाई."
"टँकर आठाला भरतो. मी साडेआठाला निघते. आर्धा तास काय करता?"
"हवा बगतो टायरची."
"सहा टायरं हायत अण्णा. साठ न्हाईत."
पारू तिकडं तोंडाला पदर लावून हसून राहिली. शा.ला मात्र हसू नव्हतं. म्हणली, वडगावात लुना दिसली की बायका घागरी घेऊन पळत सुटतात. का तर बाईच्या मागं टँकर आसतोच. पोरं तिला टँकरवाली बाई म्हणतात. ती सुई टोचायला येती, आन लोकं तिच्याकडं पाणी मागतात.
मी म्हणलं, चांगलंच हाय की. पाण्याच्या पायगुणाची म्हणतील.
लई रागावली.

१५ मार्च, मंगळवार
वडगावच्या विहिरीत टँकरचं पाणी सोडलं. खेपेच्या वहीवर अंगठा द्यायला मुक्ताबाई आली. सत्तरीची आसंल. गावानं तिलाच नेमलंय, का तर ती खोट्या खेपेवर अंगठा देत न्हाई. अंगठा दिला आन वही हातातच धरून राहिली.
"ड्रायव्हर, तुला तिसरी खेप कामून हुईना?"
म्हणलं, रोडला गर्दी हाय मावशे.
"गर्दी मला ठावं हाय. तुझ्या लेकीची काळजी तू कर बाबा, करावीच. पण माझ्या सुना-लेकी नवापस्नं उन्हात उभ्या हायत. त्याबी कुणाच्या तरी लेकीच हायत."
खाली बगून वही घेतली. येताना खुन्नस काढल्यागत गाडी पळवली, रिकामी, त्याचा काय उपेग.

१६ मार्च
खेपा तीन. आज शा.च्या आदी निघालो. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. दर लाल यष्टी दिसली की आरशात लुना हुडकली. संध्याकाळी लुना दारात दिसली तवा चहा गोड लागला.

१७ मार्च
पुन्हा मागं. दोन खेपा. आदत जाईना.

२१ मार्च, सोमवार
टँकरचा व्हॉल्व घ्यायला लातूरला गेलतो. जिल्ह्याचं नवं हापिस बगितलं. भिंतीचा चुना आजून हाताला लागतो. टेबलं आली, खुर्च्या यायच्यात, बाबू लोकं टेबलावरच बसून राहिले. एक ओळखीचा क्लार्क निघाला. त्याला सांगितलं, माझी लेक खेड्यावर हाय, लातूरच्या दवाखान्यात घेता आली तर बगा. तिथं खोली मिळंल, दवाखान्यात पायी जाता येईल, लुनाची गरज न्हाई. त्यानं नाव लिवून घेतलं. म्हणला, जागा हायत, पत्र येईल, तिची मर्जी कळवायची.
घरी सांगितलं न्हाई. पारूला न्हाई. शा.ला तर न्हाईच.

२ एप्रिल, शनिवार
लुनाला आरसा बसवला. जुन्या टेंपोचा हुता, पट्टी ठोकून बसवला. म्हणलं, म्होरं बगणारे लई, मागं बगणारा वाचतो. शा.नं फाट्यापस्तोर जाऊन बगितलं, मी मागं हुतोच. वापस येऊन म्हणती, "अण्णा, या आरशात निस्ते तुमीच दिसता."
तिला राग आलाय का हासू, ते कळंना. तिच्या आईचंबी आसंच हाय.

दुपारी लिंबाखाली दोघंबी जेवलो. भाकर, ठेचा, कांदा. तिनं दिवस भरत आलेल्या बायकांची नावं सांगितली, नऊ हायत तिच्या गावांत. एकीचं पोर आडवं हाय, तिला घेऊन उदगीरला यावं लागंल. लई मन लावून सांगत हुती. मी आईकत हुतो आन मनात लातूरच्या पत्राचं. आर्धी भाकर फडक्यात बांधून ठिवली.

८ एप्रिल, शुक्रवार
आजचं लिवतो. लिवायलाच पायजे.

सकाळी तांड्यापाशी बायका रोडवर आडव्या. त्यांचा तांडा टँकरच्या यादीत न्हाई, पाणी न्हाई. चाळीसेक घागरी भरून दिल्या. नको द्यायला पायजे हुत्या आसं न्हाई म्हणत मी. पण टाकी काठोकाठ आसली की पाणी गप बसतं. थोडी रिकामी झाली की ते आतल्या आत खेळतं. ब्रेक दाबला, गाडी थांबली, की मागनं पाणी येऊन धक्का देतं. ही गोष्ट दुसऱ्याला शिकवत आलो मी.

तवर शा. लांब गेली हुती. तिला गाठायला गाडी दामटली. गाठली. मागं एक जीप भोंगा बडवत हुती, ती मधी घुसू ने म्हणून लुनाला आजून चिकटलो. दोन कासऱ्याचं अंतर बी नसंल. वळणावर मेंढरं आली. शा.नं ब्रेक दाबला. मीबी दाबला. गाडी थांबली, मी म्हणलं थांबली, आन पाणी आलं.

लुना बंपरखाली. शा. रोडच्या कडंला.
मी उडी मारली ती शिव्या देतच. कोणत्या भाडखाऊनं ठोकलं माझ्या पोरीला.
जीप तर कवाच मागं थांबलेली. कोणी नव्हतं. मीच.

गुडघा फुटला, तळहात सोलला. हाड शाबूत. लसीचा थर्मास फुटून बर्फ रोडवर सांडला, मेंढरं तो चाटून राहिली. शा. उठून बसली, पयलं म्हणली, "लस गेली अण्णा." मग माझ्याकडं बगितलं आन मलाच म्हणली, "तुमी बसा. खाली बसा तुमी, पडाल." माझ्या तोंडावर पाणी मारलं. टँकरचंच.
जीपवाल्यानं तिला वापस उदगीरला सोडलं. ज्याला आडवून आडवून मारायला निघालतो, त्यानंच.
टँकर वडगावला नेला. पाणी द्यायचं हुतं.

९ एप्रिल, शनिवार
शा.नं आईला सांगितलं, मेंढरं आली, लुना घसरली. माझं नावबी घेतलं न्हाई. पट्टी बांधून भाजी निवडत बसली हुती. मला ते झेपंना. पारूला सगळं सांगितलं. जीपवाला न्हाई, मेंढरं न्हाई, मी ठोकलं.
तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणलं बोल, शिव्या दे.
"काय बोलू? तुमी सवताला बोलून राहिले तेवडं बास हाय. जेवा."
ताटात वाढलेली भाकर तशीच हुती, तर तिनं चुरून दूध घालून दिली, आजारी माणसाला देतात तशी.

१२ एप्रिल, मंगळवार
लातूरचं पत्र आलं. दवाखान्यात जागा हाय, मर्जी पंचवीस तारखेच्या आत कळवा.
"हे कोणी केलं?"
म्हणलं, मी.
"कवा?"
"मागल्या महिन्यात."
"म्हंजे लिंबाखाली जेवलो तवा तुमाला ठावं हुतं."
हाव म्हणलो.
ओरडली आसती तर बरं झालं आसतं. पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. म्हणली, "अण्णा, भ्याव तुमाला वाटतं. गाव मी सोडायचं?" पत्र मांडीवर ठिवून म्हणली, "आन वाईट याचं वाटतं, की जागा चांगली हाय. तिथं बाळंतपणाचं लई शिकायला मिळतं. नांदेडला आसताना माझ्याच मनात हुतं. आता हाव म्हणलं तरी तुमाला भिऊन म्हणल्यागत, न्हाई म्हणलं तरी तुमच्यावर रागावून म्हणल्यागत. माझं मी ठरवायचं हुतं, ते तुमी नासवलं."
खरं हाय. एक आक्षर खोटं न्हाई. चुकलो म्हणलं. लेकीला चुकलो म्हणायला बापाला काय लाज. तिच्या डोळ्याला पाणी आलं, माझ्याबी.
मग म्हणली, "आता यात तुमी बोलायचं न्हाई. आईनंबी न्हाई."
कबूल केलं.

१४ एप्रिल, गुरुवार
जयंती. पाणी न्हाई म्हणून औंदा रंगबिंग न्हाई, निस्ती मिरवणूक. शा. लंगडत चालली, जय भीम म्हणायला सगळ्यात म्होरं. पारूनं खीर केली. लुना मेस्त्रीकडून आली, मागचं चाक नवं. मी वल्ल्या फडक्यानं पुसली. आरसा तडकलाय, तो बदलू का इचारलं. "ऱ्हाऊ द्या, दिसतंय."

१६ एप्रिल
तीन खेपा. मुक्ताबाईनं अंगठा देताना पोरीचा गुडघा इचारला. तिला कोणी सांगितलं काय म्हाईत.

१९ एप्रिल, मंगळवार
आज शा. पयल्यांदा पुन्हा लुनावर. काल तिनं आट घातली. मागं यायचं न्हाई. यायचंच आसंल तर म्होरं व्हा, आन आपल्या चालीनं जा.
म्होरं झालो. पण पाय काय आईकंना. काट्याकडं बगितलं तर तीसच. आरशात लुना. तिच्या पिशवीत लातूरचं उत्तर, लिवून बंद केलेलं. जळकोटच्या टपालात टाकीन म्हणली. आत काय लिवलंय ते सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. पारूनं आठ दिवस जीभ चावून धरली, तिलाच ठावं कशी.

तांड्याच्या म्होरं सरळ रोड लागला तवा मागनं लुनाचा भोंगा. मी तसाच. पुन्हा भोंगा. आरशात बगितलं, तर शा. मान हालवून राहिली, व्हा की बाजूला अण्णा. तिच्या मागं लातूरची एक जीप, तीबी घाईत.

म्होरं कायबी नव्हतं. ना बैलगाडी, ना मेंढरं. रोड निस्ता रिकामा. कडंला घेतली, हात बाहेर काढला, जा म्हणून हालवला. हजार गाड्याला दाखवला आसंल हा हात. शा. शेजारून गेली. माझ्याकडं बगितलं न्हाई, म्होरं बगत हुती, तेच बरोबर हाय, मीच शिकवलंय.
जीपवाल्यानं लगेच भोंगा मारला. त्याच्या आन माझ्या लेकीच्या मधी मीच तेवडा.
हात आजून बाहेरच हुता. आत घेऊ का म्हणलं. लई येळ वाटला, आसंल दोन-तीन सेकंद. मग त्यालाबी हालवला. तो गेला. धुरळा उडाला, त्यात दोघंबी दिसंना झाले. मी गाडी चाळीसावर घेतली, माझ्या चालीनं.

वडगावला येळेच्या आदी पोचलो. विहिरीवर आजून कोणी नव्हतं. काठावर बसून राहिलो.

सहाला शा. घरी आली. पिशवी खुंटीला लावली, तोंड पुसलं. पत्र टाकलं का इचारायचं ओठावर आलतं. पारू चुलीपासनं माझ्याकडंच बगून राहिली.
मी म्हणलं, "रोड कसा हुता आज?"
शा. म्हणली, "मोकळा हुता अण्णा."