बॉटम्स अप

प्रिय            ,

पुढची जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय. तिथं काय लिहायचं ते पत्र संपेपर्यंत ठरवते. नाही जमलं, तर आजवर चालवलं तसं पुढेही ‘अहो’वर चालवू.

आधी बातमी. गोदामातलं काम सोडलं (आईला सांगू नका, मी सांगेन), एका ट्रकवालीबरोबर इकडं आले आणि आता तेलाच्या विहिरीवर दगड धुते. हसताय ना? दगड कसला, चुराच. इथं एक लांबलचक पाइप जमिनीत फिरत असतो, त्याच्या टोकाला पोलादी दात. पाइपातून पातळ चिखल खाली सोडतात आणि तो बाहेरच्या बाजूनं दगडाचा चुरा घेऊन वर येतो. वर एक चाळण थरथरत असते, तुमच्या कारखान्यातला जुना लेथ चालू होताना थरथरायचा तशी. तो लेथ विकला का हो शेवटी? असो. चाळणीवरचा चुरा मी उचलायचा, धुवायचा आणि बाईंपुढे ठेवायचा. बाई म्हणजे इथल्या भूगर्भवाल्या. त्या भिंगातून बघतात, मलाही बघू देतात. परवा चुऱ्यात शिंपले निघाले, रव्याहून बारीक, आणि एकेकावर नक्षी! इथं नजर जाईल तिथं नुसती धूळ. बाई म्हणाल्या, “तू उभी आहेस ना, तिथंच समुद्र होता. बघायला माणूस नव्हता तेव्हा.” मी चटकन पायांकडं बघितलं. बूट ओलेच होते. चिखलानं, पण क्षणभर शंका आलीच.

कुठं होते मी? हां, इथला एक शब्द सांगायचा होता. त्याच दुपारी खोदायचं यंत्र चालवणारा ड्रिलर ओरडला, “बॉटम्स अप!” मला वाटलं, चला, आता पेले निघणार. हात पुसून तयार राहिले. सगळे खो खो हसले. “अगं ए, बाटलीचा तळ नाही, विहिरीचा!” झालं होतं असं, की दात अचानक भराभर खाली जायला लागले होते. म्हणजे खाली काहीतरी वेगळं लागलं. पण काय लागलं ते लगेच कळत नाही. चाळणीवर दिसतो तो चुरा मघाचा, वरच्या थरातला. आत्ताचा अजून वाटेत असतो. म्हणून खोदणं थांबवतात, चिखल तेवढा फिरवत ठेवतात आणि तळाचं वर पोचेपर्यंत वाट बघतात. त्याला म्हणायचं बॉटम्स अप. एवढं दांडगं यंत्र, एवढी माणसं, पण तिथं कुणाच्या बापाला घाई करता येत नाही. (बघा, शब्द कसा निसटला.)

मग ते आलं. बाईंनी मळकट वाळू काळ्या पेटीत जांभळ्या दिव्याखाली धरली आणि ती पिवळीधमक उजळली. तेल! ड्रिलरनं हेल्मेट काढलं. एवढा काळ अंधारात पडून असलेली गोष्ट, तिच्यावर पडलेली पहिली नजर आमची. त्यातली एक माझी, भूगोलाच्या तासाला खिडकीबाहेर बघणारीची.

आणि मला एकदम तुम्ही आठवलात. आईशी लग्न करून घरी आलात तेव्हा मला म्हणाला होतात, “काका म्हण, मामा म्हण, नाहीतर नुसती शीळ घाल. मी येईन.” मी शीळही घातली नाही. आईचं ऐकून ‘अहो’ म्हणायला लागले. मग तुम्ही आतून विचारायचात, “कुठली अहो? मोठी की धाकटी?” पुढं मी शाळा बुडवून बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तेव्हा शोधत आलात. मला वाटलं, आता धपाटा. तुम्ही शेजारी बसलात. एक भिंत, एक पडीक नळ, एक झोपलेलं कुत्रं. बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, “याच्या पुढं काय असेल गं, भिंगरी?” तिथं खाली काहीतरी लागलं असणार. वर यायला इतकी वर्षं लागली, इतकंच.

रविवारी फोनवर ते मोकळ्या जागेतलं म्हटलंसुद्धा. तुम्हाला कळलंच नाही. इथं पंपांचा आवाज, आणि तुमचे कान लेथनं खाल्लेले. तुम्ही म्हणालात, “डबा ना? खाल्ला, खाल्ला.” मी परत ओरडून म्हटलं, तर म्हणालात, “हो गं, पोळ्यासुद्धा.” नंतर आईनं फोन घेऊन हळूच सांगितलं, की डॉक्टर म्हणतात, उरलंसुरलं ऐकू येणंही आता फार दिवसांचं नाही. म्हणून लिहितेय. कागदावर डबा ऐकू येणार नाही. हे पत्रही आता वाटेत असेल, आणि ते पोचेपर्यंत तुला ठाऊक नसेल की ते निघालंय. पोचलं, की वरची मोकळी जागा तूच भर. पेन्सिल कानावर असेलच. लिही, बाबा.

तुझीच,
भिंगरी